वेग की दमसास? सगळं एकाच चालीत पोहणाऱ्याने सराव कसा बदलावा?

लेनतिसरी

मंडळी, पोहण्याच्या सरावाबद्दल नेमका सल्ला हवा आहे. वय ४४. फ्रीस्टाइल मोठेपणी शिकलो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी तासभर, २५ मीटरच्या टँकमध्ये पोहतो. सराव म्हणजे काय, तर उतरायचं आणि न थांबता १५०० मीटर मारायचे. ३३ मिनिटं लागतात. फारसा दम लागत नाही, अजून पोहता आलं असतं असं वाटत बाहेर येतो.

अडचण अशी की मास्टर्स (म्हणजे वयोगटांनुसार होणाऱ्या प्रौढांच्या) स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलला नाव दिलं आहे आणि जीव तोडून मारलेले ५० मीटर बरोबर एका मिनिटात होतात. त्याखाली येतच नाही. सल्ले दोन मिळाले, दोन्ही उलट. एकजण म्हणतो, लांब पोहणं बंद कर, त्याने शरीर मंद होतं, नुसते स्प्रिंट मार. दुसरा म्हणतो, आधी सलग ३ किलोमीटरपर्यंत जा, पाया पक्का झाला की वेग आपसूक येईल. कोणाचं ऐकू?

वाचनमात्र

दोघांचंही ऐकू नका म्हणणारे शंभर प्रतिसाद येणार आता. बसतो वाचत.

शिट्टीवाला

लेनतिसरी, तुमच्या आकड्यांतच बरंच काही आहे. १५०० ला ३३ मिनिटं म्हणजे दर ५० मीटरला ६६ सेकंद. जीव तोडला की ६०. म्हणजे निवांत पोहणं आणि सर्वस्व पणाला लावणं यांत जेमतेम ६ सेकंदांचं अंतर आहे. तुमची गाडी एकाच गिअरची आहे. अशा माणसाला आणखी लांब पोहायला लावलं तर तो त्याच गिअरमध्ये जास्त वेळ चालेल, एवढंच.

पण नुसते स्प्रिंट सांगण्याआधी मला चार गोष्टी हव्यात. २०० मीटर पूर्ण जोर लावून किती वेळात होतात, ४०० किती, निवांत २५ मीटरला हात किती पडतात आणि जोरात २५ मीटरला किती. २०० आणि ४०० एकाच दिवशी घेतलेत तर मध्ये दहा-पंधरा मिनिटं हळू पोहत राहा. हात मोजताना दोन्ही हात मोजा.

आकडेमोड

उलट सल्ल्यांमागे दोन जुनी घराणी आहेत. एक अंतर घालण्याचं. अलेक्झांडर पोपोव्हने १९९२ आणि १९९६ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ५० आणि १०० फ्रीस्टाइल जिंकली. त्याचा प्रशिक्षक गेन्नादी तुरेत्स्की स्प्रिंटरलाही भरपूर अंतर पोहायला लावायचा, पण हळू आणि प्रत्येक हात निर्दोष असेल असं.

दुसरं घराणं अंतर तोडण्याचं. कॅमेरॉन मॅकएव्हॉय टोकियो ऑलिम्पिकनंतर पोहण्यापासून दूर गेला आणि परतला तेव्हा त्याने सरावाचं अंतर अगदी थोडक्यावर आणलं. पाण्यात थोडंच पण पूर्ण वेगात, आणि पाण्याबाहेर ताकदीचं काम. २०२३ मध्ये ५० मीटरचा विश्वविजेता झाला, २०२४ ला पॅरिसमध्ये २१.२५ सेकंदांत सुवर्ण. वय ३०.

प्रयोगाचा पुरावाही दुसऱ्या बाजूला थोडा झुकतो. डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कॉलेजच्या पोहणाऱ्यांचे दोन गट तुलनेला घेतले होते. एक गट दिवसातून एकदा दीड तास, दुसरा काही आठवडे दिवसातून दोनदा. दुप्पट पोहणाऱ्यांना वेगळा फायदा काही मिळाला नाही, उलट त्या काळात त्यांचा स्प्रिंटचा वेग घटला. त्यामुळे ३ किलोमीटरचा सल्ला देणाऱ्या मित्राला प्रेमाने नमस्कार करा.

बॅकस्ट्रोकवाली

आकडेमोड, थांबा जरा. मॅकएव्हॉयचं उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट गाळली जाते. त्याने अंतर कमी केलं त्याआधी वर्षानुवर्षं तो पारंपरिक पद्धतीने प्रचंड अंतर पोहला होता. पाण्याची जाण आधीच हातात होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी १०० मीटरची तयारी करणाऱ्याने त्याचा आजचा आठवडा उचलायचा म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचं.

आणि त्याची शर्यत २१ सेकंदांची आहे! धागाकर्त्यांच्या १०० मीटरला २ मिनिटांहून जास्त लागतील. स्नायूंना मीटर कळत नाहीत, वेळ कळतो. पहिल्या दहाएक सेकंदांत स्नायूंतला साठवलेला फॉस्फेटचा साठा कामी येतो, मग ऑक्सिजनशिवाय साखर जाळणं जोरात असतं, आणि मिनिटभर उलटलं की ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा निम्म्याहून जास्त भार उचलते. दोन मिनिटांच्या जोराला तीच मुख्य. जगातले अव्वल पुरुष पावणेदोन मिनिटांच्या आत २०० मीटर पोहतात. म्हणजे लेनतिसरी, तुमचे १०० मीटर शरीराच्या हिशेबाने त्यांच्या २०० मीटरपेक्षाही लांब आहेत. "मी स्प्रिंटर आहे, मला दमसास नको" हे तुम्हाला लागूच होत नाही.

मी स्वतः ५० आणि १०० बॅकस्ट्रोक पोहते, मास्टर्समध्येच. लांब पोहणं मी कधीच सोडलेलं नाही.

आकडेमोड

वेळेचा मुद्दा मान्य. तो मी लिहायला हवा होता. पण त्यावरून 'लांब पोहा' हे सिद्ध होत नाही. ऑक्सिजनची यंत्रणा तोकड्या विश्रांतीच्या छोट्या तुकड्यांनीही तयार होते. संशोधक ब्रेंट रशॉल यांची पद्धत ऐकली असेल: शर्यतीच्या वेगाने २५ मीटर, पंधरा-वीस सेकंद विश्रांती, पुन्हा २५, असं वीस-तीस वेळा. ठरलेली वेळ चुकली की एक फेरी सोडायची, लागोपाठ दोनदा किंवा एकूण तीनदा चुकली की सेट बंद. दम तर लागतोच, पण हात कायम शर्यतीच्या वेगातच फिरतात. हळू पोहण्याची सवय शरीराला लागतच नाही.

बॅकस्ट्रोकवाली

मायकल अँड्र्यू याच पद्धतीवर वाढला. टोकियोत २०० मीटर मिडलेच्या (चारही प्रकार ओळीने पोहायचे, शेवटी फ्रीस्टाइल) अंतिम फेरीत १५० मीटरला तो सर्वांत पुढे होता. शेवटच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कोसळला आणि पाचवा आला. त्याच स्पर्धेत मिडले रिलेत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहून त्याने सुवर्ण मिळवलं, तेही खरं. पद्धत वाईट नाही. एका अंतरापर्यंत उत्तम, पुढे तोकडी.

आकडेमोड

एका शर्यतीवरून पद्धत तोकडी ठरवायची? सुरुवात जास्त जोरात केली असेल.

बॅकस्ट्रोकवाली

असेल. सुरुवात जास्त जोरात होऊ नये म्हणूनच सराव करतात.

धडपड्या

मध्येच घुसतो, क्षमस्व. माझं बरोबर उलटं आहे. ५० मीटर ३४ सेकंदांत मारतो, शाळेत असताना स्पर्धा पोहायचो. आता ट्रायथलॉनची हाफ करायची आहे, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं. आणि मला २०० नंतर काठ धरावा लागतो! सायकल आणि धावण्यात दम उत्तम आहे, मग पाण्यातच काय होतं? २०० ची वेळ ३:५०, ४०० कशीबशी ९:१०.

लेनतिसरी

शिट्टीवाला सर, हे घ्या. २०० मीटर: ४ मिनिटं १४ सेकंद. ४०० मीटर: ८ मिनिटं ३६ सेकंद. निवांत २५ मीटरला २१ हात, ३३ सेकंद. जोरात २५ मीटरला ३१ हात, २८ सेकंद. आणि ५० जोरात मारताना मुलीला काठावर घड्याळ घेऊन उभं केलं, तर जाताना २८ आणि येताना ३२. म्हणजे भिंतीला वळलो की संपलोच.

शिट्टीवाला

उत्तम माहिती. धडपड्या, तुमच्याकडे येतोच, आधी यांचं.

४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करा आणि दोनने भागा. ८:३६ वजा ४:१४ म्हणजे ४:२२, त्याचं निम्मं २:११. दर शंभरला २:११ ही तुमची साधारण अशी चाल, जिच्यावर तुम्ही बराच वेळ टिकू शकता आणि जिच्यापुढे गेलात की उधारी सुरू होते. १५०० तुम्ही २:१२ च्या चालीने पोहता. म्हणजे रोज निवांत म्हणून जे पोहता ते निवांत नाहीच, ते तुमच्या मर्यादेला चिकटलेलं आहे. पुरेसं हळूही नाही, की हात दुरुस्त करता यावा, आणि पुरेसं जोरातही नाही, की वेग वाढावा. मोठेपणी शिकलेल्या बहुतेकांचं हेच होतं.

आता हात. निवांत ते जोरात यात तुमचे हात पावणेदोनपट वेगाने फिरायला लागले आणि तुम्ही पुढे गेलात फक्त १८ टक्के जास्त वेगाने. बाकीचे हात पाण्यातून निसटले. ही ताकदीची किंवा दमाची कमतरता नाही, पकड सुटते आहे. घाई झाली की कोपर खाली पडतं, तळहात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो, डोकं वर येतं आणि पाय बुडतात. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. १० टक्के वेग वाढवायचा तर ३३ टक्के जास्त शक्ती हवी. ती शक्ती कमावण्यापेक्षा विरोध कमी करणं कितीतरी स्वस्त पडतं.

तर तीन दिवसांचं असं करा.

पहिला दिवस वेगाचा. वॉर्मअप ४०० मीटर, त्यात थोडी किक (नुसते पाय मारणं), थोडे ड्रिल (हाताची पद्धत सुधारायचे छोटे व्यायाम). मग २५ मीटर पूर्ण जोरात, आठ वेळा, दर दोन मिनिटांनी एक सुटायचा. म्हणजे दीड मिनिट काठावर उभं राहायचं. कंटाळा येईल, आपण आळशीपणा करतोय असं वाटेल, तरी उभं राहायचं. फॉस्फेटचा साठा निम्मा भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. वीस सेकंदांत पुन्हा निघालात तर तो वेगाचा सराव राहत नाही, दमछाकीचा होतो. दर फेरीला हात मोजा. ३१ वरून २७-२८ वर येऊन वेळ तीच राहिली, तर ती प्रगती. नंतर २०० अगदी सैल.

दुसरा दिवस तुमच्या चालीचा. १०० मीटर दहा वेळा, प्रत्येक २:११ ला, मध्ये पंधरा-वीस सेकंद. पहिला आणि दहावा यांच्या वेळेत दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला तर पहिला जोरात मारला असं समजा.

तिसऱ्या दिवशी शर्यतीची चाल, इथे आकडेमोड म्हणतात तीच पद्धत: २५ मीटर २९ ते ३० सेकंदांत, वीस-पंचवीस सेकंद विश्रांती, बारापासून सुरू करून वीसपर्यंत न्या. त्यानंतर वेळ उरला तर तुमचं आवडतं सलग पोहणं, पण २:२५ च्या चालीने. होय, हळू. तीन हातांनी एक श्वास, दोन्ही बाजूंना आलटून-पालटून.

लांब पोहणं बंद करायला मी सांगत नाहीये. सगळं लांब पोहणं एकाच चालीत होतंय, ते बंद करा.

आकडेमोड

तिसऱ्या दिवसासाठी आभारी आहे.

खारंपाणी

लांबवाल्यांच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं, समुद्रात पोहतो म्हणून मी बोलतो. वेग आणि दमसास ही दोन टोकं आहेत असं इथे गृहीत धरलंय, पण लांब अंतर जिंकणाऱ्यांकडे बघा. बॉबी फिंकने टोकियोत १५०० मीटर जिंकले ते शेवटच्या ५० मीटरच्या जोरावर, ते ५० त्याने २५.७८ सेकंदांत मारले. १४५० मीटर पोहून झाल्यावर! २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने १४:३०.६७ चा विश्वविक्रम केला, म्हणजे सरासरी दर शंभर ५८ सेकंदांत. आधीचा सुन यांगचा १४:३१.०२ हा २०१२ पासून टिकला होता. केटी लेडेकीने रिओत २००, ४०० आणि ८०० तिन्ही जिंकले. २०० ला लागणारा वेग ज्याच्याकडे नाही तो आता ८०० ला पदकात येत नाही.

खुल्या पाण्यात तर हे आणखी ठळक. १० किलोमीटर दोन तासांच्या आसपास चालते आणि निकाल शेवटच्या काहीशे मीटरमध्ये लागतो. ओसामा मेल्लूलीने २००८ ला टँकमध्ये १५०० चं सुवर्ण घेतलं आणि २०१२ ला खुल्या पाण्यात १० किलोमीटरचं. वेलब्रॉकने टोकियोत १० किलोमीटर जिंकली आणि १५०० ला कांस्यही. सुटताना झुंडीतून बाहेर पडायला, बोयाला वळताना, समोरच्याच्या पायाशी राहायला दर वेळी दहा-वीस सेकंदांचा जोर लागतो. माझ्या सरावात म्हणून लांब पोहण्याच्या मध्येच वीस हात जोरात, मग पुन्हा मूळ चाल, असं असतं. जोर लावणं सोपं, जोर लावून परत आपल्या चालीवर श्वास बसवणं अवघड.

शिट्टीवाला

धडपड्या, तुमचं गणित: ९:१० वजा ३:५० म्हणजे ५:२०, निम्मं २:४०. तुमचे ५० मीटर ३४ सेकंदांत होतात आणि टिकणारी चाल शंभरला २:४०! लेनतिसरींपेक्षा ५० मीटरला २६ सेकंदांनी वेगवान आणि ४०० ला ३४ सेकंदांनी मागे. तुम्हा दोघांना एकच सराव कोणी सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पाण्यातच दम का लागतो? मला वाटतं तीन कारणं, महत्त्वाच्या क्रमाने. पहिलं, तुम्हाला हळू सुटता येत नाही. अंगात जुना स्प्रिंटर आहे, पहिले ५० तुम्ही ४२-४३ मध्ये काढत असणार, ते तुम्हाला निवांत वाटत असणार, आणि तिथेच सगळं संपतं. दुसरं, श्वास. धावताना हवा हवी तेव्हा घेता येते, पाण्यात हाताच्या तालावर घ्यावी लागते. तोंड पाण्यात असताना पूर्ण आणि सतत सोडला नाही तर वळल्यावर आधी सोडण्यात वेळ जातो आणि आत अर्धवट हवा जाते. छातीत कोंडल्यासारखं होतं ते ऑक्सिजन कमी पडल्याने कमी आणि कार्बन डायऑक्साइड साठल्याने जास्त. तिसरं, पाय. स्प्रिंटची, दोन्ही हात एकदा फिरले की सहा लाथांची किक तुम्ही लांब अंतरालाही चालू ठेवताय. मांड्या मोठे स्नायू आहेत, ऑक्सिजन पितात आणि त्या मानाने पुढे फार ढकलत नाहीत. दोन लाथांची किक शिका, प्रत्येक हाताला विरुद्ध पायाची एक. पाय नुसते वर राहिले तरी पुरे. त्यात पुढे सायकल चालवायची आहे.

सेट एकच सांगतो, महिनाभर तोच धरा. ५० मीटर वीस वेळा, प्रत्येक १:१५ ला, मध्ये पंधरा सेकंद. १:१० ला आलात तर तो चुकला असं धरा. वीसही जमले की १०० मीटर दहा वेळा, २:३० ला. त्यानंतर २०० पाच वेळा. मध्ये मोह होईल दोन-चार ५० जोरात मारायचा. मारू नका, तो वेग तुमच्याकडून कोणी चोरून नेत नाही.

धडपड्या

१:१५ ला पोहायचं म्हणजे बुडेन की काय असं वाटतंय. करून बघतो.

लेनतिसरी

माझा एक बाळबोध प्रश्न. जोरात पोहताना श्वास कमी घ्यायचा असं ऐकलं. त्यासाठी पाण्याखाली श्वास रोखून २५ मीटर मारायचा सराव सुरू करू का? टँकवर एकजण करतो, आधी जोरजोरात दहा-बारा श्वास घेतो आणि बुडी मारतो.

खांदेकरी

(नाव बघून घाबरू नका, फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंचे खांदे बघतो.)

हे अजिबात करू नका आणि त्या गृहस्थांनाही थांबवा. श्वास घ्यायची ओढ लागते ती रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून, ऑक्सिजन घटला म्हणून नव्हे. आधी जोरजोरात श्वास घेतले की ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप खाली जातो. मग पाण्याखाली ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन बेशुद्धीच्या पातळीखाली जाऊ शकतो, आणि माणूस कसलीही सूचना न मिळता शांतपणे बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे कमरेएवढ्या पाण्यात असे गेले आहेत. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, पठ्ठ्या छान बुडी मारतोय.

जगातले स्प्रिंटर ५० मीटरला एखादाच श्वास घेतात किंवा तोही नाही, पण ते वीस-बावीस सेकंदांत संपतं. तुम्ही २ मिनिटं पोहणार. दर दोन हातांनी श्वास घ्या आणि मान वळवताना शरीर वाकडं होत नाही एवढं बघा. सुटल्यावर आणि वळल्यावर पहिल्या दोन हातांत श्वास टाळलात तरी पुष्कळ.

आलोच आहे तर खांद्याबद्दल. निवांत १५०० पोहणाऱ्याने एकदम पूर्ण जोराचे स्प्रिंट सुरू केले की सहसा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माझ्याकडे येतो. खांदा पुढून दुखतो, हात डोक्यावर नेताना कळ येते. पहिले दोन आठवडे आठऐवजी चार स्प्रिंट करा आणि तेही ९० टक्के जोराने. हाताला पॅडल (तळहाताला बांधायची सपाट पट्टी) लावून स्प्रिंट तर मुळीच नको, मोठं पॅडल आणि पडलेलं कोपर एकत्र आले की सगळा भार खांद्याच्या छोट्या स्नायूंवर येतो. रबरी पट्टा ओढून खांदा बाहेर फिरवायचे व्यायाम आणि पाठीच्या वरच्या भागाचे रोइंगसारखे व्यायाम, आठवड्यातून दोनदा. चाळिशीनंतर जोराच्या दोन दिवसांमध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवा.

वाचनमात्र

ते बुडीचं माहीत नव्हतं. आमच्याकडे पोरं पैजा लावतात.

बॅकस्ट्रोकवाली

शिट्टीवाला, तुमच्या योजनेला माझा एकच विरोध. पहिल्या दिवशी आठही स्प्रिंट फ्रीस्टाइल का? दोन-तीन बॅकस्ट्रोक द्या. खांदा उलट दिशेने उघडतो, तोंड मोकळं राहतं. मी पक्षपाती आहे, कबूल.

शिट्टीवाला

सैल पोहण्यात द्या, जोरात नको. त्यांना अजून बॅकस्ट्रोकला सरळ जाता येतं का ते विचारलेलं नाही.

लेनतिसरी

येत नाही. लेनची दोरी ठरलेली.

बाकी कळवतो. पहिल्या दिवसाचा वेगाचा सराव करून आलो, चारच फेऱ्या. काठावर दीड मिनिट उभं राहायला खरंच लाज वाटते, शेजारच्या लेनमधल्या आजी दर वेळी "दमलात का?" विचारत होत्या. हात २९ वर आले, वेळ २८ च. कोपराकडे लक्ष दिलं की तेवढ्यापुरते पाय विसरतो.

दुसऱ्या दिवसाच्या सेटमध्ये पहिला १०० मीटर २:०३ ला आला आणि शेवटचा २:१९ ला. म्हणजे मी स्वतःला जितका संथ समजत होतो तितकाही नाही, उतावळा निघालो.

आकडेमोड

पहिल्या २५ ला घड्याळ बघायची सवय लावा. २:११ साठी पहिले २५ साधारण ३२ ला यायला हवेत, भिंतीवरून ढकलल्याचा फायदा धरून. २९ दिसले की तिथेच हात सैल सोडा. शंभरच्या शेवटी घड्याळ बघून काही उपयोग नसतो.

आणि स्पर्धेआधी सराव कमी करायला विसरू नका. या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये एक विश्लेषण आलं होतं. त्यात सर्वांत जास्त फायदा दिसला तो साधारण दोन आठवडे अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी घटवणाऱ्यांना, पण वेग आणि आठवड्यातले दिवस तेच ठेवून. लोक उलट करतात, तेवढेच मीटर हळू पोहतात किंवा सुट्टीच घेतात. तुमच्या बाबतीत तीन दिवस कायम, आठच्या जागी चार स्प्रिंट, दहाच्या जागी पाच शंभर.

बॅकस्ट्रोकवाली

यावर मात्र आकडेमोड आणि मी एकमत. नोंद घ्यावी.

लेनतिसरी

घेतली. आता शेवटची धास्ती. स्टार्टिंग ब्लॉकवरून सूर मारता येत नाही, पोटावर आपटतो. आणि कोलांटी मारून वळताही येत नाही. या दोन्हींशिवाय स्पर्धेत घेतात का?

शिट्टीवाला

घेतात. मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून, काठावरून किंवा पाण्यातून भिंतीला पाय लावून सुटायची मुभा असते. पाण्यातून सुटणार असाल तर आयोजकांना आधी सांगून ठेवा. सूर शिकायचा असेल तर खोल पाण्यात, कोणीतरी शिकवणारं उभं असताना. उथळ टोकाला ब्लॉकवरून अजिबात नको.

वळताना फ्रीस्टाइलला शरीराचा कोणताही भाग भिंतीला लागला की पुरे, हात लावून वळलात तरी चालतं. मात्र नीट वळा. एक हात भिंतीला, गुडघे छातीशी, दुसरा हात आधीच उलट दिशेला, आणि ढकलताना दोन्ही हात कानांमागे घट्ट. तुमचे येतानाचे २५ मीटर ३२ सेकंदांत होतात, त्यातला थोडा वेळ तुम्ही काठ धरून श्वास घेण्यात घालवता असा मला संशय आहे. मुलीला पुढच्या वेळी घड्याळ हात भिंतीला लागताना आणि पाय सुटताना असं दोनदा दाबायला सांगा, आणि तो आकडा इथे टाका.

लेनतिसरी

दोन सेकंदांच्या वर. तीनदा मोजलं.

शिट्टीवाला

मग तिसऱ्या दिवसाच्या सेटमध्ये २५ ऐवजी साडेबारा अधिक साडेबारा करा. मधल्या खुणेवरून निघायचं, भिंतीला वळायचं आणि पुन्हा खुणेपर्यंत. सहा वेळा. लेन रिकामी असेल तेव्हाच, नाहीतर आजी मागून येऊन धडकतील.